लाल पडद्यावरचा नंबर

(रत्नागिरीत कॉलेजच्या मुलामुलींसमोर केलेलं हे भाषण. बोलताना लॅपटॉपवर करून दाखवलेल्या गोष्टी इथे शब्दांत लिहिल्या आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)



मला सांगण्यात आलं होतं, सायबर सुरक्षेवर बोला. विषय एवढा मोठा आहे की तासभर ऐकून तुम्ही घरी जाल आणि हातात काहीच उरणार नाही. म्हणून मी एकच गोष्ट घेते. कॉम्प्युटरवर अचानक "व्हायरस सापडला आहे" असा इशारा येतो, त्यातला खोटा कसा ओळखायचा आणि तो आत शिरला असेल तर बाहेर कसा काढायचा, एवढंच. मी इंजिनियर नाही. दिवसा एका सीएच्या ऑफिसात काम करते, संध्याकाळी ओळखीच्या लोकांचे लॅपटॉप बघते. राजिवडा, मिरकरवाडा, उद्यमनगर, नाचणे, सगळीकडचे पाहून झाले. त्यातला एक लॅपटॉप माझ्या मामूंचा होता.

मामू तीस वर्षं जहाजावर होते. आता घरी असतात. मुलगा दोह्याला आहे, लॅपटॉप त्यानेच आणून दिलेला. रोज रात्री नातवंडांशी बोलायचं, दुपारी बातम्या आणि हवामान बघायचं, एवढाच त्याचा वापर. मे महिना होता, आंब्याच्या पेट्या भरून पडवीत ठेवलेल्या, पाऊस किती लांब आहे ते बघायला मामू कुठल्याशा साइटवर गेले. तिथे काहीतरी दाबलं गेलं आणि पडदा लाल झाला. भोंग्यासारखा आवाज. वर मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, एका बाईचा आवाज सांगतोय, कॉम्प्युटर बंद करू नका, बंद केलात तर सगळा डेटा जाईल. माउस चालेना. खाली मोठ्या अक्षरात फोन नंबर.

मामूंनी फोन केला. समोरच्या मुलाने अदबीने नाव विचारलं. नाव ऐकल्यावर त्याने सलाम केला. मग "चाचा, आप फिक्र मत कीजिए" म्हणाला. मामूंनी मला नंतर हे सांगितलं तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त त्या सलामाचं वाईट वाटत होतं, पैशांचं नाही.

त्या मुलाने एनीडेस्क टाकायला लावलं आणि लॅपटॉपचा ताबा घेतला. काळी खिडकी उघडली, त्यात भराभर ओळी पळाल्या. मग एक यादी उघडली, लाल आणि पिवळ्या खुणांनी भरलेली. "बघा चाचा, इतके व्हायरस." तीन वर्षांच्या संरक्षणाचे ७,४९९ रुपये घेतले आणि एक प्रोग्राम टाकून दिला, त्यावर हिरवी ढाल. मामूंना वाटलं, पैसे गेले पण काम झालं.

ती यादी काय होती ते आधी सांगते, कारण ती तुमच्याही कॉम्प्युटरवर आहे. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक नोंदवही असते. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, वायफाय तुटलं, प्रत्येक गोष्टीची नोंद तिथे "एरर" किंवा "वॉर्निंग" म्हणून होते. कालच दुकानातून आणलेल्या लॅपटॉपमध्येही अशा पुष्कळ नोंदी सापडतील. आणि काळ्या खिडकीत पळणाऱ्या ओळी म्हणजे तुमच्याच फोल्डरांची नावं. "ट्री" एवढं टाइप केलं की पळायला लागतात. घरी जाऊन करून बघा.

तीन आठवड्यांनी परत फोन. कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचे आहेत. पुन्हा एनीडेस्क. मामूंना नेट बँकिंग उघडायला सांगितलं, पडदा मिनिटभर काळा झाला, आणि परत आला तेव्हा खात्यात पुष्कळ जास्त दिसत होते. पलीकडचा मुलगा रडकुंडीला आला. चुकून एक शून्य जास्त पडलं, चाचा, माझी नोकरी जाईल, वरचे तेवढे परत पाठवा. मामूंनी पाठवले. दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे ठेवायचा नाही म्हणून पाठवले. खात्यात काहीच आलं नव्हतं. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा आकडा कोणालाही बदलता येतो, तो फक्त त्या पडद्यापुरता बदलतो, बँकेत काही होत नाही. मी आत्ता तुमच्यासमोर माझ्या खात्यात एक कोटी करून दाखवते. बघा. झालं. आता पान रिफ्रेश करते. गेले एक कोटी. त्या वेळी मामूंनी हातातल्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला का एवढं पाहिलं असतं तर कळलं असतं.

मला हे कधी कळलं? आणखी महिन्याभराने, तेही मामींकडून. मी सायकलने दहा मिनिटांवर राहते. मी विचारलं, मामू, मला का नाही सांगितलं? म्हणाले, "बाय, तू ओरडली असतीस." आणि मी खरंच ओरडले असते. त्याआधी एकदा त्यांनी मला फोल्डर कुठे गेला म्हणून विचारलं होतं, तेव्हा मी ओरडलेच होते.

आता ओळखायचं कसं ते. सगळ्यात आधी एक साधी गोष्ट डोक्यात पक्की करा: वेबसाइटला तुमचा कॉम्प्युटर तपासता येत नाही. तिला तुमचा ब्राउझर कुठला, विंडोज कुठलं, साधारण कुठल्या शहरातून आलात एवढं कळतं. तेही शहर बऱ्याचदा मुंबई दाखवतं, रत्नागिरी नाही. बाकी ती जी पट्टी सरकताना दाखवते, "सी ड्राइव्ह तपासतोय, १७ व्हायरस", ते चित्र असतं. माझ्या अँड्रॉइड फोनवर मी असं एक पान पाहिलं, त्यात माझ्या फोनचा सी ड्राइव्ह तपासत होते. फोनला सी ड्राइव्ह नसतोच.

दुसरी खूण म्हणजे फोन नंबर. मायक्रोसॉफ्टने स्वच्छ लिहून ठेवलंय की त्यांच्या एरर आणि इशाऱ्यांच्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की निकाल लागला, पुढे वाचायची गरज नाही. तिसरी खूण घाई: पाच मिनिटांत, आत्ताच, बंद करू नका. खरा अँटिव्हायरस काही सापडलं तर ते उचलून बाजूला ठेवतो आणि कोपऱ्यात सांगतो की ठेवलं. तो तुमच्याकडून पैसे मिळेपर्यंत व्हायरस तसाच धरून बसत नाही.

इथे मला एक तक्रारही करायची आहे. नावाजलेल्या कंपन्यासुद्धा मुदत संपत आली की लाल रंग, उद्गारचिन्हं, "तुम्ही धोक्यात आहात" असं सुरू करतात. मग घरातल्या मोठ्या माणसांनी खरं आणि खोटं वेगळं करायचं कसं?

आणि हे फक्त चोरच करतात असं नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाची दुकानांची मोठी साखळी आहे. तिथे कॉम्प्युटरची मोफत तपासणी करून द्यायचे. तपासणीआधी चार प्रश्न विचारायचे: कॉम्प्युटर हळू झालाय का, व्हायरसचे इशारे येतात का, पॉप-अप येतात का, मधेच बंद पडतो का. यातल्या एकावर जरी खूण केली तरी प्रोग्राम व्हायरसची लक्षणं सापडली असं दाखवायचा. तपासणीत काय निघालं याच्याशी त्याचा संबंधच नव्हता. नंतर शेकडो डॉलरची दुरुस्ती. २०१९ मध्ये त्या दुकानाने आणि प्रोग्राम पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉम कंपनीने मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. त्याच्याही आधी विनफिक्सरसारखे खोटे प्रोग्राम विकणाऱ्यांवर तिथल्या व्यापार आयोगाने २००८ मध्ये खटला भरला, तेव्हा फसलेल्यांचा आकडा दहा लाखांच्या वर सांगितला होता. म्हणजे मामू एकटे नाहीत. हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं.

बरं, काढायचं कसं. इथे चार वेगवेगळ्या परिस्थिती असतात आणि लोक त्या एकच समजतात.

नुसतं लाल पान आलं असेल, तुम्ही काही डाउनलोड केलं नसेल, फोन केला नसेल, तर कॉम्प्युटरमध्ये बहुतेक काहीच शिरलेलं नसतं. पानाने फक्त पूर्ण पडदा व्यापलाय आणि माउसचा बाण लपवलाय. एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ-४. तरी नाही, तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ब्राउझर निवडून एंड टास्क करा. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरा आणि सरळ बंद करा. डेटा जात नाही. परत ब्राउझर उघडल्यावर तो विचारेल की मघाची पानं परत आणू का, तिथे नाही म्हणा. नाहीतर तेच पान परत येतं आणि माणसाला वाटतं व्हायरस आत बसलाय.

दुसरी परिस्थिती आपल्याकडे सगळ्यात जास्त. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली दर दहा मिनिटांनी चिठ्ठी येते, एखाद्या प्रसिद्ध अँटिव्हायरसच्या नावाने, "मुदत संपली, पाच व्हायरस." लोक माझ्याकडे लॅपटॉप आणतात, म्हणतात तीन अँटिव्हायरस टाकले तरी जात नाही. जाणार नाहीच, कारण तिथे व्हायरस नाही. फुकट क्रिकेट किंवा सिनेमा बघायला कुठल्यातरी साइटवर गेलात, तिने विचारलं "तुम्ही रोबोट नाही हे सांगायला अलाउ दाबा", आणि तुम्ही दाबलं. ती परवानगी नोटिफिकेशनची होती. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी असते. ओळखीचं नसलेलं प्रत्येक नाव काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे. फोनवरही हेच.

तिसरी, खरोखरच प्रोग्राम बसलाय. हिरवी ढाल, रोज तपासणी, रोज नवे व्हायरस, काढायला पैसे मागतो. आधी इंटरनेट बंद करा. विंडोज सिक्युरिटी उघडा, सेटिंग्जमध्ये मॅनेज प्रोव्हायडर्स बघा, तिथे या कॉम्प्युटरवर कुठला अँटिव्हायरस नोंदलेला आहे ते दिसतं. मामूंच्या ढालीचं नाव तिथे नव्हतंच. मग इन्स्टॉल्ड अॅप्समध्ये जा, यादी तारखेप्रमाणे लावा, त्या दिवशी आणि आजूबाजूला काय काय आलंय बघा. एकटं क्वचित येतं, बरोबर ड्रायव्हर अपडेटर, पीसी क्लीनर, एखादं टूलबार अशी भावंडं असतात. सगळी काढा. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स बघा. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपची यादी बघा.

काढू देत नसेल तर सेफ मोड. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि ४ दाबा. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरतंच उठतं, त्यामुळे आगंतुक मंडळी झोपलेली असतात, तेव्हा काढता येतात. नंतर नेहमीसारखं सुरू करून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. तो विंडोज उठायच्या आधी तपासतो, साधारण पंधरा मिनिटं घेतो. काही वेळा हे प्रोग्राम इंटरनेटची प्रॉक्सी बदलून ठेवतात, म्हणून सगळ्या साइट उघडतात पण अँटिव्हायरसची उघडत नाही. सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी बंद आहे ना ते बघा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर आणता येतो, पण तो दहा दिवसच चालतो, मागच्या वर्षीचा उपयोगी नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवरही भारतीय कंपन्यांची मोफत साधनं आहेत.

आता कोणीतरी विचारणार, मग कुठला अँटिव्हायरस घ्यायचा. विंडोज ८ पासून पुढे डिफेंडर आतच असतो आणि घरच्या वापराला तो पुरतो, असं माझं मत आहे. विकत घ्यायचाच असेल तर घ्या, पण कंपनीच्या साइटवरून किंवा ओळखीच्या दुकानातून. पुण्याच्या काटकर बंधूंनी नव्वदच्या दशकात क्विक हील उभं केलं. थोरले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकट्या संजयनी प्रोग्राम लिहिला. दुरुस्तीच्या दुकानातून हे निघालं, म्हणून मला ती गोष्ट आवडते. पण नावाजलेल्या अँटिव्हायरसची "क्रॅक" फुकट मिळते म्हणून टाकू नका. आणि चोरीचं विंडोज टाकताना दुकानदार आधी डिफेंडर बंद करतो, अॅक्टिव्हेटर टाकतो, मग डिफेंडरला सांगतो त्या फोल्डरकडे बघू नकोस. म्हणजे मागचं दार उघडं ठेवून पुढे कुलूप लावल्यासारखं आहे. मला माहीत आहे पैशांची अडचण असते. पण निदान हे काय केलंय ते समजून तरी घ्या. आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, तेही लक्षात असू द्या.

चौथी परिस्थिती मामूंची. माणूस आत येऊन गेलाय. इथे प्रोग्राम काढायच्या आधी फोटो काढा: एनीडेस्कवरचा त्याचा क्रमांक, फोनवरचा नंबर, पैसे गेल्याचा व्यवहार क्रमांक. मग इंटरनेट तोडा. लगेच १९३० ला फोन करा, बँकेला कळवा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर तक्रार टाका. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत अडवायचे असतात, म्हणून तासांचा हिशोब असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असं होतं की ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीने पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजेने गप्प बसलेला प्रत्येक दिवस आपल्या खिशातून जातो. सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, त्या लॅपटॉपवरून नाही. आणि मी तर फोटो, कागदपत्रं काढून घेऊन विंडोज पूर्ण नव्याने टाकते. त्याने आत काय ठेवलंय ते शोधत बसण्यापेक्षा ते बरं.

मामूंची तक्रार महिन्यानंतर गेली. पैसे आले नाहीत.

आता शेवटचं, आणि हे बोलू की नको असं मला वाटत होतं. तो सलाम करणारा मुलगा कोण असेल? मी पुष्कळ विचार केला. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली मुलं अमेरिकन लोकांना फोन करून आयकर अधिकारी असल्याचं सांगून धमकवायची. सातशेहून जास्त जणांची चौकशी झाली, सत्तर जणांना अटक. बरीचशी विशीतली पोरं. मीरा रोडला आपल्यापैकी कुणाचे नातेवाईक नाहीत? पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने देशभर ७६ ठिकाणी छापे घातले, त्यातल्या काही प्रकरणांत हाच धंदा होता: परदेशी लोकांच्या पडद्यावर खोटा इशारा, खाली टोल-फ्री नंबर, मग लॅपटॉपचा ताबा.

माझ्या एका चुलतभावाला अशाच ठिकाणून बोलावणं आलं होतं. इंग्रजी बरं, पगार चांगला, वर कमिशन, रात्रपाळी, घ्यायला गाडी. नेमणुकीचं पत्र नाही. काम काय, तर "टेक सपोर्ट". पहिल्या दिवशी त्याला वाचायला कागद दिला, त्यात लिहिलं होतं की ग्राहकाला इव्हेंट व्ह्यूअर उघडायला सांगा. त्याने मला फोन करून विचारलं, आपा, हे इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे काय? मी सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी गेला नाही. घरात त्यावरून वाद झाला, कारण घरात पगाराची गरज होती, आणि ती गरज अजून आहे. तुमच्यातल्या कुणाला उद्या असं बोलावणं आलं तर तो कागद पहिल्या दिवशीच वाचा. आयटी कायद्याच्या कलम ६६-डी खाली दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटरवरून फसवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि छापा पडतो तेव्हा फोनवर बसलेला मुलगा आधी सापडतो, मालक नंतर.

मामूंच्या लॅपटॉपवर आता मी एक कागद चिकटवलाय, पडद्याच्या खालच्या पट्टीवर. त्यावर माझा मोबाइल नंबर, मोठ्या अक्षरात. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला फोन आला. पडद्यावर निळं काहीतरी आलंय, हात लावलेला नाही, तू सांगशील तसं करतो. विंडोजचं खरं अपडेट होतं. मी म्हटलं, मामू, होऊ द्या, झोपा तुम्ही.

ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी मागच्या टेबलावर ठेवा, नोटिफिकेशनची यादी आपण आत्ताच बघू. चार्जर विसरला असेल तर माझ्याकडे दोन आहेत.